गाठ, कान आणि तोल

मंगळवार, रात्र

आज दुसऱ्या न्यूरोसर्जननाही रिपोर्ट दाखवले. गाठ १४ मिलिमीटर, उजव्या कानाकडून मेंदूत जाणाऱ्या तोलाच्या नसेवर. कॅन्सर नाही, हे त्यांनीही ठामपणे सांगितलं.

दादाचा एकच धोशा: "काढून टाक, कटकट नको." त्याची काळजी कळते मला. पण हाडातल्या त्याच चिंचोळ्या वाटेतून ऐकण्याची नस जाते आणि चेहऱ्याचीही. चेहऱ्याची दुखावली तर डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो. अंतर्कर्णातून वाट काढून शस्त्रक्रिया केली तर त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. माझ्या उजव्या कानाला फोनवरचे शब्द कळत नाहीत, पण नातीचं हसणं अजून ऐकू येतं. तेवढंही सोडवत नाही.

दुसरा पर्याय गॅमा नाइफ, म्हणजे किरणोपचार. त्यात चिरफाड नाही. कोबाल्टचे जवळजवळ २०० बारीक किरण नेमके गाठीवर आणतात, बहुतेकदा एकाच बैठकीत. गाठ मात्र नाहीशी होत नाही, वाढायची थांबते किंवा थोडी आकसते. आधी काही महिने सुजूही शकते आणि ऐकणं पुढच्या काही वर्षांत उतरत जाऊ शकतं.

सगळे गाठीबद्दल बोलतात. माझे दिवस खाल्लेत ते चकरेने. म्हणून आज स्पष्टच विचारलं, "यातल्या कशाने चक्कर जाईल?" डॉक्टर म्हणाले, "याची हमी मी कशातच देणार नाही." या उत्तराने उलट बरं वाटलं. नॉर्वेत लहान-मध्यम गाठींच्या १०० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना लगेच किरण दिले त्यांच्या गाठी ४ वर्षांत आकसल्या, पण त्रासात आणि जगण्याच्या दर्जात किरण न घेता नुसतं लक्ष ठेवून थांबलेल्यांपेक्षा फारसा फरक पडला नाही.

चकरेवर खरा इलाज मेंदूला नव्याने तोल शिकवणं हाच दिसतो. अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची. मळमळतं, पण करायचं. चकरेच्या गोळ्या रोज घेत राहिलं तर हे शिकणं लांबतं, म्हणून त्या फक्त अगदी गरगरलं तरच.

तर मी थांबणार आहे. सहा महिन्यांनी एमआरआय. गाठ वाढलेली दिसली तर गॅमा नाइफ. उद्या दादाला फोन करून सांगेन. चिडेल तो, पण व्यायाम शिकायला फिजिओथेरपिस्टकडे त्यालाच घेऊन जाणार आहे, कारण एकटीने रिक्षातून उतरायची अजून भीती वाटते.