झडप मिटली, पण भार कोणावर?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये त्या दिवशी हृदयाचे सर्जन आमचा सेन्सर वापरून बघायला स्वतः येणार होते. म्हणून भद्रकालीतल्या मटणवाल्याला आदल्या रात्रीच बजावून ठेवलं होतं, दिल आख्खं पाहिजे, चीर द्यायची नाही. रक्त काढायला ते सवयीने एक काप मारतात आणि नेमकी आमच्या कामाची झडप त्यात जाते.

आमचं काम मायट्रल झडपेवर चालतं, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर. तिच्या दोन पडद्यांच्या कडांपासून बारीक दोऱ्या निघतात आणि खाली हृदयाच्या स्नायूंना घट्ट धरतात. दोरी तुटली की पडदा उलटतो आणि रक्त मागे फुफ्फुसांकडे जायला लागतं. अशा वेळी झडप न बदलता तीच दुरुस्त करता आली तर फार बरं. धातूची झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि सतत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायची तपासणी. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाने त्यासाठी किती वेळा खाली उतरायचं?

दुरुस्तीत सर्जन गोरटेक्स नावाच्या कृत्रिम धाग्याची नवी दोरी बांधतो. पण तिची लांबी ठरते थांबवलेल्या, सैल पडलेल्या हृदयात आणि तीही नजरेने. मग सलाईन भरून बघायचं, झडप मिटते का. मिटली, तर मिटली. दिवसाला लाखभर ठोके पडायला लागल्यावर कुठल्या दोरीवर किती ओढ येते, हे त्या वेळी कळायला मार्ग नसतो.

ती ओढ मोजणारा आमचा सेन्सर म्हणजे केसाहून जरासा जाड काचेचा तंतू, एकेका दोरीला एक. आत कोरलेल्या सूक्ष्म जाळीवरून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत येतो, तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते. टोकाकडे वीज नाही, त्यामुळे कॉटरी, म्हणजे रक्तस्राव थांबवायचं विजेचं उपकरण, चालू झाली तरी सिग्नल बिघडत नाही. स्टॅनफर्डच्या लोकांनी डुकराच्या झडपेवर असं मोजून दाखवलेलं आहे, तेव्हा कल्पना आमची नाही. ऑपरेशन थिएटरात हाताळता येईल असं रूप देणं एवढाच आमचा उद्योग. खरा वैरी तापमान. एका अंशाचा फरक साधारण आठ मायक्रोस्ट्रेनसारखा, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत आठ भाग ताणल्यासारखा, दिसतो आणि डिसेंबरात सकाळी आमच्या शेडमध्ये बोटं आखडतात. म्हणून शेजारी दुसरी जाळी मोकळी सोडतो. तिला फक्त गारठा कळतो, तेवढा वजा करायचा.

डॉक्टर ओपीडी आटोपून आले. चहा बाजूला ठेवून, लूप्स (डोळ्यांवरची भिंगं) लावून मागच्या पडद्याला दोन दोऱ्या बांधल्या. गोरटेक्स निसरडं, गाठीवर गाठ मारत बसावं लागतं. त्यांचे हात बघत राहावेसे वाटत होते. सलाईन भरलं. थेंब गळला नाही. "झालं की," ते म्हणाले.

शेडमधल्या आमच्या काकांनी ठोके देणारा पंप चालू केला. मिनिटाला सत्तर ठोके, दाब १२० मिमी पारा. प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरवर गळती नाहीच. पण स्क्रीनवर, जिथे एकेका दोरीची ओढ रेघेने दिसते, एक रेघ प्रत्येक ठोक्याला उसळत होती आणि दुसरी जवळपास आडवी पडून होती. सगळा भार एकाच दोरीवर. मी आधी वायरिंग तपासलं, तंतूंची टोकं अदलाबदल करून पाहिली. उसळणारी रेघ त्याच दोरीची निघाली.

डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. मग ती ताणलेली दोरी कापली आणि जरा लांब ठेवून पुन्हा बांधली. रेघा जवळजवळ बरोबरीने चालायला लागल्या, पण फ्लोमीटरवर आता बारीकशी गळती! भार सारखा वाटला की झडप आपोआप नीट मिटेल, असं मनात धरून चाललो होतो आम्ही सगळे. तिसऱ्यांदा त्यांनी मधली लांबी धरली. एक रेघ थोडी वर राहिली, गळती थांबली.

"हे चालेल," म्हणाले, "पण आकडे नकोत मला. हातात सुई असताना न्यूटन कोण वाचणार? कुठली दोरी जास्त ताणली तेवढं रंगाने दाखवा." आणि हातमोजे काढता काढता खरा प्रश्न टाकला, "हृदय चालू झाल्यावर हा तंतू बाहेर कसा काढायचा?"

काका तोवर वहीत क्लिपचं स्केच काढायला बसलेही होते. डॉक्टरांनी बघितलं, पेन घेतलं आणि क्लिपचा एक कोपरा खोडला. म्हणाले, "इथे पडदा अडकेल."