बुर्साच्या भिंतीवरचा ‘व’

इस्तंबूलमधले चार दिवस रांगा, बोटी आणि चहा यांत संपले. त्यांतली सांगण्याजोगी गोष्ट एकच आहे आणि तीही माझ्या अज्ञानाची. आयासोफियात परदेशी पर्यटकांकडून २५ युरो घेऊन त्यांना फक्त वरच्या सज्जात सोडतात. सुमारे साडेसात मीटर व्यासाचे आठ प्रसिद्ध गोल फलक तिथून बऱ्याच जवळून दिसतात. अल्ला, पैगंबर, चार खलिफा आणि हसन-हुसेन यांची नावे काझस्कर मुस्तफा इज्जत एफेंदी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांवर हिरव्या रंगावर सोनेरी अक्षरांत लिहिली. पुढे इमारतीचे संग्रहालय झाले तेव्हा हे फलक उतरवले गेले, पण ते दारातून बाहेर निघेनात, म्हणून आतच पडून राहिले आणि १९४९ मध्ये पुन्हा टांगले गेले. एवढी माहिती वाचून गेलेली मी, कोपरांनी ढकलणाऱ्या गर्दीत तीन छायाचित्रे काढून ‘छान नक्षी आहे’ असे म्हणून खाली उतरले.

पाचव्या दिवशी बोटीने मुदान्या आणि तिथून बसने बुर्सा गाठले. यजमानांना बाजारातल्या रेशमात रस होता, म्हणून उलू जामी या मोठ्या मशिदीत मी एकटीच गेले. ही मशीद सुलतान बायझीदने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. युद्ध जिंकल्यास वीस मशिदी बांधीन असा त्याने नवस केला होता आणि फेडताना वीस घुमटांची एकच मशीद बांधली, अशी कथा सांगतात. नवसातली ही पळवाट मला फारच ओळखीची वाटली. आत एका घुमटाखाली चक्क कारंजे आहे. पाण्याचा आवाज सतत चालू असतो, कोणी हटकत नाही, तिकीट नाही. भिंतींवर आणि जाडजूड खांबांवर मात्र पुरुषभर उंचीची काळी अक्षरे आहेत. १८५५ च्या भूकंपात मशिदीची मोठी हानी झाली, तेव्हा सुलतान अब्दुलमजीदने शफीक बे आणि अब्दुलफत्ताह एफेंदी या सुलेखनकारांना इथे पाठवले. आज दिसणाऱ्या लेखनात त्यांचा मोठा वाटा आहे.

एका भिंतीसमोर मी बराच वेळ बसून होते. त्या भिंतीवर एकच अक्षर दोनदा, एकमेकांकडे तोंड करून, आरशातल्यासारखे लिहिलेले होते. शेजारी एक तरुणी मांडीवर वही घेऊन तेच अक्षर उतरवत होती. तिने माझ्याकडे पाहून ‘तेझे’ अशी हाक मारली. तेझे म्हणजे मावशी. ‘आब्ला’, म्हणजे ताई, ही हाक मला चालली असती, पण ते असो. तिचे इंग्रजी माझ्या तुर्कीहून थोडेच बरे होते. मात्र कलम, कागद आणि नुक्ता हे तीन शब्द आम्हां दोघींचेही निघाले आणि तेवढ्यावर आमचे पाऊण तास भागले.

तिने वही उघडून दाखवली. पहिल्या पानावर ‘रब्बी यस्सिर’ होते. देवा, हे सोपे कर, अवघड करू नकोस, चांगल्या रीतीने पूर्ण कर, ही प्रार्थनाच तिथे सुलेखनाचा पहिला धडा म्हणून गिरवतात. पाटीवर श्रीगणेशा गिरवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिच्या ओळींखाली गुरूंनी लाल शाईने दुरुस्त्या केल्या होत्या आणि बोरूच्या टोकाने उमटवलेल्या चौकोनी नुक्त्यांनी अक्षराची उंची, पोट, शेपूट मोजून दाखवले होते. मग तिने वही बाजूला ठेवली आणि गालिच्याच्या लवेवर बोटाने उलट्या दिशेने एक वळण ओढले. लव उभी राहून गर्द झाली आणि लाल गालिच्यावर ते अक्षर उमटले: आधी डोके, मग मान, मग खाली झोकून दिलेली शेपटी. तिने म्हटले, “वाव.”

तिने पुढे सांगितले की अक्षरांच्या जुन्या गणितात वावची किंमत सहा आहे, दोन वाव शेजारी मांडले की सहासष्ट दिसतात आणि अल्ला या नावाचीही बेरीज सहासष्टच होते. आरशातला दुसरा वाव वेगळा लिहावा लागत नाही. कागदावरच्या अक्षराच्या कडेने सुईने भोके पाडून त्यावरून कोळशाची पूड आपटतात आणि मग तोच कागद उलटा ठेवतात. आमचा रांगोळीचा छापा तरी दुसरे काय करतो! शेवटी मी विचारले की अरबीत नुसत्या ‘व’चा अर्थ काय, तेव्हा तिने दोन तर्जन्या एकमेकींना जोडल्या. म्हणजे आपला ‘व’. अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत मी जन्मभर ‘श्री. व सौ.’ लिहीत आले, तो फारसीमार्गे मराठीत आलेला ‘व’ इथे माझ्याहून उंच होऊन भिंतीवर उभा होता, आणि मी त्याला नक्षी समजत होते.

नमाजाची वेळ झाली तशी तिने तळहाताने गालिचा पुसला व ती उठून बायकांच्या बाजूला गेली.

रात्री हॉटेलात मी बिलाच्या पाठीवर तेच अक्षर गिरवत बसले. डोके जमले, मान काही केल्या जमेना. यजमानांनी खांद्यावरून डोकावून विचारले, “इंग्रजी नऊचा आकडा इतक्यांदा कशाला काढते आहेस?”