राजा-गुलाम कुठून खेळायचे: दोन पानांच्या वहीतली नोंद

या हंगामात पोकरच्या (टेक्सस होल्डेम) वहीत एकच काम घेतलंय: फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पानांच्या, आधी हातात येणारी दोन पानं. ब्लफ, रिव्हरवरचे (शेवटच्या सामायिक पानावरचे) मोठे कॉल (समोरच्याएवढ्या चिप्स भरणं), ते सगळं सध्या बाजूला. पैशाचे टेबल तसेही राहिले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. कौशल्य की नशीब हा वाद त्यात उरलाच नाही, पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद. एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडवर (पानं पाहण्याआधी दोघांनी सक्तीने भरायची लहान-मोठी रक्कम) खेळणारे आम्ही आता फुकटच्या चिप्सवर बसतो.

फुकट चिप्सवर शिस्त येत नाही असं म्हणतात. मला नाही पटत. मी चिप्सचा हिशोबच ठेवत नाही. चार्टबाहेरचं (कोणत्या जागेवरून कोणते हात खेळायचे त्या यादीबाहेरचं) पान खेळलं की वहीत फुली, बस. आधी निम्म्याहून जास्त डावांत मी काही ना काही टाकायचो, आता पाचात एखाद्या डावात उतरतो. बाकी वेळ पाहत बसायचं. रात्रीची थ्री-फेज असते तेव्हा हरभऱ्याला पाणी सुरू करून मोटरजवळ बसावंच लागतं, त्यामुळे या पाहत बसण्याचा कंटाळा येत नाही. टेबल मात्र एकच उघडतो. शेतात नेटवर्क गेलं की ॲप स्वतःच फोल्ड करून (पानं टाकून) मोकळं होतं.

आता मुद्द्याचं. दोन-दोन पानांचे संच १३२६ होतात, पण रंगांची अदलाबदल सोडली तर वेगळे हात फक्त १६९: १३ जोड्या, ७८ सूटेड (दोन्ही पानं एकाच रंगाची, जसं दोन्ही बदामाची), ७८ ऑफसूट (वेगळ्या रंगांची). चौकटीच्या वहीत तेरा बाय तेराचा तक्ता आखला की एक्का-राजा सूटेड आणि ऑफसूट एकेकच घर घेतात आणि तिथेच डोळा फसतो. सूटेड एक्का-राजा ४ तऱ्हांनी येतो, ऑफसूट १२ तऱ्हांनी, कोणतीही जोडी ६ तऱ्हांनी. म्हणजे ऑफसूटचं एक घर वाढवलं तर सूटेडची तीन घरं वाढवल्यासारखं होतं. मी घरं मोजायचं सोडून तऱ्हा मोजायला लागलो तेव्हा चार्ट खरा आटोक्यात आला.

सिक्स-मॅक्सला (सहा जणांच्या टेबलावर) अंडर द गनवरून (सगळ्यांत आधी बोलायच्या जागेवरून) माझी आजची यादी: छक्कीपासून वरच्या सगळ्या जोड्या, सूटेडमध्ये एक्का-दश्शीपासून वरचे एक्के, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, ऑफसूटमध्ये एक्का-गुलामपासून वर आणि राजा-राणी. जमवलं तर ५४ + ३२ + ४८ = १३४, म्हणजे शंभरात दहा हात. अनेक चार्ट इथून याहून सैल खेळायला सांगतात. ज्या टेबलावर रेझला (बोली वाढवण्याला) तीन-तीन कॉल येतात, तिथे मला घट्टच बरं वाटतं. बटनावरून (डीलरच्या जागेवरून) मात्र हीच यादी चौपट होते, चाळीस टक्क्यांच्या आसपास.

आमचे काकाजी कधीमधी बाजूला येऊन बसतात. पोळ्याच्या पत्त्यांत मुरलेला माणूस. परवा मी पहिल्याच जागेवरून राजा-गुलाम ऑफसूट टाकला तर म्हणाले, "अबे, राजा-गुलाम फेकून राह्यला? पाहून तं घे!" मी म्हटलं, "काकाजी, जागा पाहा ना माही." मग त्यांना वहीतला हिशोब दाखवला, तो इथेही देतो.

माझ्या हातात राजा-गुलाम असताना मला दाबून ठेवणारे हात कोणते? एक्का-राजा १२ तऱ्हा (एक राजा माझ्याकडेच, म्हणून १६ नाही), राजा-राणी १२, एक्का-गुलाम १२, एक्क्यांची जोडी ६, राण्यांची ६, राजांची ३, गुलामांची ३. एकूण ५४. उरलेल्या ५० पानांतून दोन-दोनचे संच १२२५, म्हणजे एका खेळाडूकडे असा हात असण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आत. ऐकायला काहीच नाही. पण पहिल्या जागेवर माझ्यामागे पाच जण आहेत. त्यांच्यातल्या एकाकडे तरी तो असण्याची शक्यता २० टक्के होते. बटनावर मागे दोघंच, तिथे ९ टक्क्यांच्या आत. पानं तीच, धोका निम्म्याहून कमी. शिवाय बटनावर फ्लॉपनंतर आपण शेवटी बोलतो. बाजार समितीत सगळ्यांची बोली ऐकून मग आपली सांगायला मिळावी तसं.

आणि राजा लागला की खरी गंमत. एक्का-राजापुढे राजा-गुलाम चारात एकदा जिंकतो, आणि हरतो तेव्हा मोठा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) हरतो, कारण राजाची जोडी हातात असताना सोडवत नाही. अठ्ठीच्या जोडीपुढे हाच हात जवळजवळ बरोबरीचा असतो. मला भीती आहे ती सारखं पान आणि वरचा किकर (सोबतचं दुसरं पान) असलेल्या हाताची. एक्का-छक्की, एक्का-सत्ती ऑफसूटचंही हेच. काकाजींनी मान हलवली, पटलं म्हणाले नाहीत.

तीनपत्तीतून आलेल्यांचं दुसरं प्रेम म्हणजे कलर. दोन्ही पानं बदामाची दिसली की हात आपोआप कॉलकडे जातो. सूटेड हाताला फ्लॉपवरच पूर्ण फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागतो शंभरात एकदाही नाही, ०.८४ टक्के. फ्लश ड्रॉ (चार पानं जमली, पाचव्याची वाट) नऊत एकदा. एकंदर ताकद दोन-चार टक्क्यांनीच वाढते. राजा-तिर्री किलवरची असली तरी राजा-तिर्रीच.

एक्क्यांची जोडी लपवून लिंप करणारे (रेझ न करता नुसता ब्लाइंड भरून आत येणारे) तर फुकट टेबलावर ढीगभर. एका कोणत्याही हातापुढे ती ८५ टक्के जिंकते, पाच जणांपुढे ४९. म्हणून मी इथे तीन ब्लाइंडचा नेहमीचा रेझ सोडून पाच-सहाचा करतो. तरी दोघं येतातच, येऊ द्या.

लहान जोड्या, दुर्री ते पंजी, पुढच्या जागेवरून बंद. दोघा-तिघांनी लिंप केल्यावर बटनावरून घेतो. सेट (हातातल्या जोडीला तिसरं तेच पान) साडेआठ वेळांत एकदा लागतो, आणि एवढे जण आत असले की लागल्यावर पैसे वसूल होतात. चिप्स म्हणायला हवं.

अजून बसत नाही ते स्मॉल ब्लाइंड (लहान रक्कम भरणारी जागा). अर्धा ब्लाइंड आधीच गेलेला, स्वस्तात फ्लॉप दिसतो असा मोह, आणि फ्लॉपनंतर सगळ्यांत आधी बोलायचं. सध्या तिथला कॉल वहीतून काढूनच टाकलाय, रेझ नाहीतर फोल्ड. बिग ब्लाइंडचा (पूर्ण ब्लाइंड भरणाऱ्या जागेचा) तक्ता अर्धाच झालाय. तिथे अडीच ब्लाइंडच्या रेझला दीड भरून साडेपाचचा पॉट बघायला मिळतो, म्हणजे २७ टक्के जिंकायची ताकद पुरते. पण ती ताकद पोझिशन (इतरांनंतर बोलायची संधी) नसताना किती वापरता येते हे हातागणिक बघावं लागेल. ते कपाशीची उलंगवाडी झाल्यावर घेतो.