टाकीवरची रेघ

"ही रेघ कुणी ओढली?"

समोरच्या म्हाताऱ्या पेंटरने एवढंच विचारलं. मी म्हणाले, "कंपनीतूनच आली असेल." त्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "हो, पण कंपनीत कुणी?"

झालं असं, की ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याची मोटरसायकल रंगायला टाकली होती. शनिवारी ती आणायला मी त्याच्याबरोबर लॉस एंजेलिसजवळच्या सांता फे स्प्रिंग्जला गेले. आम्ही राहतो त्या आर्टेशियाहून ते काही लांब नाही. सगळी गोदामं आणि पत्र्याच्या शेड, माणूस दिसायची पंचाईत. त्यातल्याच एका शेडमध्ये हे पेंटर बसतात. सत्तरी ओलांडलेले, मूळचे मेक्सिकन घराण्यातले, जन्म इथलाच. मला पहिल्या पाच मिनिटांतच "मिहा" म्हणायला लागले, म्हणजे आपलं "बाळा". सहकारी बोलून गेला की हिच्या वडिलांकडे बुलेट आहे. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि फोटो मागितला.

माझ्याकडे एकच चांगला फोटो आहे. ८६ सालची गाडी, बाबा बसलेले, टाकीवर धाकटा भाऊ, मागे मी. सगळे त्या फोटोत आम्हाला बघतात. यांनी दोन बोटांनी टाकी मोठी केली आणि सोनेरी रेघ बघत राहिले. बराच वेळ. मग तो प्रश्न.

पिनस्ट्रायपिंग, म्हणजे टाकीवरची ती बारीक रंगाची रेघ, हे बुलेटवाल्यांना सांगायला नको. पण ती रेघ हाताने ओढताना मी जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवशी दोन तास पाहिली, आणि सहकारी गाडी घेऊन निघून गेला तरी मी तिथेच होते.

ब्रश आधी सांगते. दांडा बोटाएवढा आखूड आणि केस जवळजवळ दोन इंच लांब. खारीचे केस, तलवारीच्या पात्यासारखे तिरके कापलेले. मिशिगन राज्यात जोन्सविल म्हणून गाव आहे, तिथे मॅक नावाची कंपनी १८९१ पासून ब्रश बनवते. यांच्याकडचे सगळे तिथलेच, काही तीस-तीस वर्षं वापरातले. काम झालं की ब्रश धुऊन, तेल लावून, केस सरळ करून आडवा ठेवायचा. रंग 'वन शॉट' नावाचा, बोर्ड रंगवणाऱ्यांचा तेली इनॅमल, एका हातात खालचा रंग झाकणारा. पूर्वी त्यात शिसं असायचं. जुने पेंटर अजून त्या शिशाच्या रंगाची आठवण काढतात, हेही डब्यातला शेवटचा थेंब संपला तेव्हा वाईट वाटलं म्हणाले.

रंग घेतात गुळगुळीत मासिकाच्या पानावर. ब्रश पुढे-मागे ओढत राहायचं, केसांच्या मुळापर्यंत रंग भिनेपर्यंत. किती पातळ करायचा, असं मी विचारलं. म्हणाले, कागदावर ब्रशला जी ओढ लागते तिच्यावरून कळतं, माप नाही.

मग रेघ. करंगळी टाकीच्या कडेला टेकते, तीच पट्टी. केसांचं पोट रंग धरून ठेवतं आणि टोक फक्त लिहितं. मनगट हलत नाही. माणूस खांद्यापासून, खरं तर कमरेपासून, सगळाच मागे सरकत जातो. टाकीचं वळण आलं की ब्रश अंगठा आणि तर्जनीत हळूच गोल फिरतो आणि रेघेची जाडी तसूभरही बदलत नाही. रंग संपत आला की संपायच्या आधी उचलायचा, पुन्हा भरायचा, इंचभर मागे जाऊन आधीच्याच रेघेवर टेकवायचा आणि पुढे निघायचं. तो सांधा मला एकदाही दिसला नाही.

आणि ओढून झालेली, मला अगदी बिनचूक वाटलेली रेघ त्यांनी फडक्याने पुसून टाकली. एकदा नाही, तीनदा. मी विचारलं, चुकलं काय? त्यांनी दिवा जवळ आणून पुसायच्या आधी चौथी दाखवली. मध्यावर एका केसाएवढी फुगली होती. रंग ओला आहे तोवरच ही सोय, म्हणाले. पाचवी ठेवली.

डावी-उजवी जुळी नक्षी असेल तर कधी कागदावर काढून घेतात. रेषांवर बारीक भोकं पाडायची, कागद पत्र्यावर धरायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, की ठिपके उमटतात. हे बघून मला राहवलंच नाही. आमच्याकडे दिवाळीला घरोघरी उदबत्तीने कागदाला भोकं पाडतात, त्यातून रांगोळीचे ठिपके घालतात आणि मग बायका चिमटीतून रेघ सोडतात, टेकायला करंगळीसुद्धा लागत नाही, हे मी त्यांना गरजेपेक्षा जास्त मोठ्या आवाजात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुला येते?" मला येते. आई घालते तितकी नाही, पण येते.

आता मूळ गोष्ट. फोटोतली ती रेघ आज गाडीवर नाही.

बाबा २०१४ मध्ये निवृत्त झाले. त्यांना नकळत गाडी नवी करून द्यायची, असं भावाचं आणि माझं ठरलं. टाकीला खालून गंज धरला होता, रंगाचे पोपडे निघाले होते. पेंटर म्हणाला, "ताई, सोनेरी रेघ हाताची आहे. टाकी मारून झाली की मी पुन्हा ओढून देतो. दोन दिवस जास्त लागतील." मला रविवारी कार्यक्रमाला गाडी दारात हवी होती. मी म्हणाले, "रेडियमची चिकटपट्टी लावा. सरळ तरी येईल."

रेडियम सरळ आलं. बाबा खूश झाले, टाकीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा सगळेच रेडियम लावत होते. जुनी रेघ जागोजागी उडालेली होती आणि तशी ठेवून टाकी रंगवणं शक्यच नव्हतं. हे सगळं खरं आहे. दोन दिवस थांबता आलं असतं, हेही खरं आहे.

त्या रात्री घरी येऊन वाचत बसले. मद्रासला १९५५ पासून या गाड्या बनताहेत, आणि बुलेटच्या टाकीवरची ती रेघ चेन्नईच्या कारखान्यात मोजके कारागीर हाताने ओढत आले आहेत. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. वर्षानुवर्षं, टाकीमागून टाकी. या शेडमध्ये एक टाकी दुपारभर चालते. तिथे रांग लागलेली असते आणि रेघ तशीच येते. हे वाचून मला जो अभिमान वाटला तो लपवत नाही. आणि लगेच हेही वाटलं, की मी त्या घरात वाढले, त्या टाकीवर बसून शाळेत गेले, आणि हे मला कॅलिफोर्नियात कळलं.

इथे रेघ ओढणाऱ्याला नाव असतं. घोडागाड्यांच्या काळापासून ही कला इथे होतीच, पण १९५० च्या दशकात याच लॉस एंजेलिसच्या आसपास ती मोटारींवर आणि मोटरसायकलींवर नव्याने फुलली. फॉन डच म्हणून ओळखला जाणारा केनेथ हॉवर्ड (१९२९ ते १९९२) हा बोर्ड रंगवणाऱ्याचा मुलगा. त्याच्याबरोबरीने डीन जेफ्रीज, एड रॉथ. ही नावं इथले पेंटर आपण घराण्यातले गायक सांगावेत तशी सांगतात. कोण कुणाकडे बघून शिकला, कुणाचं वळण कुणाच्या हातात उतरलं. फॉन डचची वंशद्वेषी मतंही नोंदलेली आहेत. मी म्हाताऱ्यांना सरळ विचारलं की तुम्हाला हे चालतं का. "रेघ त्याची बघून शिकलो," ते म्हणाले. "घरी जेवायला मात्र बोलावलं नसतं."

आपल्याकडे कारागिराला नाव नाही, असं मी इथे लिहिणार होते. लिहिता लिहिता थांबले, कारण ते खरं नाही. आपले ट्रकवाले पेंटर फाळक्याच्या कोपऱ्यात नाव टाकतात, खाली मोबाइल नंबरही टाकतात. दुकानाच्या पाटीवर 'पेंटर अमुक' असतंच. वाचत नाही ते आपण. बाबांची टाकी रंगवणाऱ्याचं नाव मला आज आठवत नाही आणि ते त्याने कुठे लिहिलं नव्हतं म्हणून नव्हे, त्याच्या दुकानावर चांगलं दोन फूट उंच होतं.

आणि इथे सगळं कौतुकच होतं असंही समजू नका. पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या लोरायडर, म्हणजे मुद्दाम जमिनीलगत खाली आणून सजवलेल्या, गाड्या घ्या. 'जिप्सी रोझ' नावाची १९६४ ची शेव्हरोले इम्पाला मोटार आहे, अंगभर गुलाब रंगवलेली, तिचा मान संग्रहालयांपर्यंत पोचला. पण तशाच गाड्या घेऊन संध्याकाळी रस्त्यावर संथ फेरी मारायला कितीतरी शहरांत बंदी होती. राज्याने ती सगळीकडून उठवली १ जानेवारी २०२४ ला. आपल्याकडच्या नंबरप्लेटच्या दंडावर इथले मित्र हसतात, तेव्हा मी हे ऐकवते.

त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण मुलगी एअरब्रशचं काम करते. पेनाएवढं हत्यार. वरची कळ खाली दाबली की हवा सुटते, मागे ओढली की रंग येतो, आणि ही दोन्ही कामं एकाच बोटाची. ती टाकीवर आधी चंदेरी थर देते, त्यावर कँडी, म्हणजे आरपार दिसणारा रंग, थरावर थर. खालची चांदी आतून उजळते आणि लाल रंग सरबतासारखा खोल दिसतो. प्रत्येक थराने तो गडद होतो, म्हणून टाकीला सहा थर दिले तर मडगार्डलाही मोजून सहाच द्यावे लागतात. ती भिंतीवर पेन्सिलने रेघा मारून मोजते. हेल्मेटचं काम मात्र सगळ्यांचं घेत नाही. पॉलिकार्बोनेटचं असेल तर परत पाठवते, कारण रंगातल्या थिनरने कवच आतून कमजोर होऊ शकतं आणि वरून काहीच दिसत नाही.

शेवटचा चकचकीत क्लिअर कोट देताना ती नळीने बाहेरची स्वच्छ हवा येणारा मुखवटा घालते. त्या लेपात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोडासा वासही सोसत नाही. तिचा तो मुखवटा बघून मला बाबांच्या गाडीचा पेंटर दिसला. त्याने नाकाला रुमाल बांधला होता. बोलता बोलता सारखा खोकत होता आणि मी रविवारची घाई करत होते. यावर मला सबब सापडत नाही. बाकी कशावरही मी आपल्या बाजूने भांडेन. इथे इतकी नखरेल सुरक्षा कशाला, असं म्हणणाऱ्यांशी मी आता या मुद्द्यावर वाद घालणार नाही. आपल्या गावात रंगाचं काम टाकलंत, तर त्या माणसाला मुखवटा आहे का एवढं जरूर बघा.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. इथे हे लोक मोटरसायकलवरच थांबत नाहीत, हाताला येईल ते रंगवतात. टपालपेट्या, हत्यारांच्या पेट्या, गिटारी, करवतीची पाती, कचऱ्याचे डबेसुद्धा. मी आजीचा स्टीलचा डबा नेला होता. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव आणि ५-५-६८ ही तारीख. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि हे कशाने केलं ते विचारलं. छिन्नीने, ठोकून, भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून देतात, असं मी सांगितलं. त्यांनी त्या मुलीला हाक मारून बोलावलं आणि डबा तिला दाखवला. मग दोघं माझ्याकडे पाठ करून त्या ठिपक्यांबद्दल बोलत राहिले.

नावाला त्यांनी हात लावला नाही. भोवतीचं स्टील तेवढं घासून घेतलं, पुसलं आणि विटकरी रंगाची एक रेघ नावाभोवती फिरवली, दोन टोकं खाली एकमेकांत गुंतवली. आतून रंग नाही, हा रंग खाण्याच्या वस्तूंना लागू द्यायचा नसतो. काथ्याने घासायचा नाही, मशीनमध्ये टाकायचा नाही, असं दोनदा बजावलं. पैसे घेतले, तेही नीट मोजून घेतले, आणि मला ते आवडलं. बुडाशी बारीक अक्षरात सही केली.

डब्याचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर यायला अर्धा दिवस लागला. "छान आहे. आपल्या टाकीवर पण अशीच होती."

म्हणजे त्यांना माहीत होतं. रविवारी टाकीवरून हात फिरवत होते तेव्हाही माहीत असणार. पेंटर पुन्हा ओढून देतो म्हणाला होता, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. माझं इथलं लिखाण ते वाचतात, सकाळी चहाबरोबर. बाबा, तो म्हणाला होता. दोन दिवस मागत होता फक्त.