आज भावाने सगळं ऐकून घेतलं

आज लहान भाऊ जळगावहून आला होता. "ताई, रोज थोडं फिरत जा," असं म्हणाला नाही. "तू पडून राहा, मी बसतो जवळ," एवढंच म्हणाला. मला एमई-सीएफएस आहे, म्हणजे थोड्याशा श्रमानेही बळावणारा दीर्घ थकव्याचा आजार. कळण्याच्या भाकरी थापल्या किंवा लग्नघरी दोन तास बसले, तर त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं गळतं की कूस बदलणं जड जातं. हे आळसाचं लक्षण नाही, हेच या आजाराचं मुख्य लक्षण आहे.

त्याला पेस ट्रायलची, म्हणजे या आजारावरच्या उपचारांच्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीची गोष्ट सांगितली. 2011 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, की हळूहळू व्यायाम वाढवला की रुग्ण सुधारतात. रुग्णांना ते पटेना, कारण व्यायामाने त्यांची तब्येत ढासळत होती. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने मूळ आकडेवारी मागितली, चाचणीतल्या संशोधकांचं विद्यापीठ देईना, शेवटी 2016 मध्ये ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने ती द्यायला लावली. बरे होण्याचा दावा त्यात टिकला नाही. 2021 मध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या नाइस संस्थेने असा ठरावीक वाढता व्यायाम देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं.

अंथरुणावरच्या माणसांनी हे घडवलं! मला याचा फार अभिमान वाटतो.

याच आजारावरच्या डीकोडएमई या जनुकीय अभ्यासाची आखणीही रुग्णांना सोबत घेऊनच झाली. आपल्याकडेही संशोधकांनी आधी रुग्णांना विचारावं, हीच माझी मागणी आहे. धुळे-नंदुरबारकडे कुणाला असा त्रास असेल तर मेसेज करा. उत्तराला उशीर होईल, पण देईन नक्की.