रिस्पॉन्स म्हणजे नुसतं एचटीएमएल न्हवं भावा

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात एक नवीन पोरगं आलंय, हुशार आहे. परवा विचारत होतं, "दादा, व्ह्यूमधनं एचटीएमएलच रिटर्न करायचं न्हवं?" जँगोत (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) तसं नसतंय. व्ह्यूनं, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणाऱ्या फंक्शननं, एक ऑब्जेक्ट द्यायचा असतो, एचटीटीपीरिस्पॉन्स. टेम्प्लेटमधनं पान बनवणारं रेंडर वापरलं तरी ते आतनं हाच बनवून देतं, म्हणून पोरांच्या ध्यानात येत नाही. आणि रिटर्न लिहायचाच राहिला तर व्हॅल्यूएरर येतो की व्ह्यूनं रिस्पॉन्स दिलाच नाही, नन (None, म्हणजे काहीच नाही) दिलं. इतकं सरळ बोलणारे एरर कमीच.

त्या ऑब्जेक्टमध्ये असतं काय, तर स्टेटस कोड (आपण काही सांगितलं नाही तर 200, म्हणजे सगळं ठीक), हेडर (उत्तराबद्दलची माहिती) आणि बॉडी (खरा मजकूर). हेडर पूर्वी डिक्शनरीसारखे थेट रिस्पॉन्सवरच लिहायचे, ते आजही चालतं, पण 2021 च्या 3.2 व्हर्जनपासून रिस्पॉन्स डॉट हेडर्स आलंय, वाचायला बरं पडतं. हेडरच्या व्हॅल्यूत नवी ओळ घुसवली तर जँगो बॅडहेडरएरर देऊन मोकळं होतं, आणि ते बरंच आहे, कारण युजरनं टाइप केलेलं काही हेडरमध्ये जात असेल तर एखादा बहाद्दर तिथनं आपलेच हेडर चिकटवून देईल.

खरी गंमत बॉडीत आहे आणि ती इंग्रजीत काम करणाऱ्यांना कळतच नाही. तुम्ही स्ट्रिंग देता पण आत बाइट्स ठेवले जातात, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरांचे बाइट करायची पद्धत). 'कोल्हापूर' ह्या शब्दाची पायथनमध्ये लांबी काढा, 9 येते. तोच शब्द रिस्पॉन्समध्ये घालून कंटेंटची लांबी काढा, 27, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-हलंत सगळं धरून. आता कुणी कंटेंट-लेंग्थ (बॉडी किती बाइटची ते सांगणारा हेडर) हातानं 9 लिहिली तर ब्राउझर 9 बाइट वाचून थांबणार आणि पानावर नुसतं 'कोल' दिसणार 😄 त्यापेक्षा जँगोच्या कॉमनमिडलवेअरला (मिडलवेअर म्हणजे प्रत्येक रिस्पॉन्स जाताना ज्यातनं जातो तो कोड) मोजू दे की, ते बाइटच मोजतं.

शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याला आम्ही सौद्यांचा हिशोब करून दिलाय, त्यात सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) डाउनलोड आहे. एचटीटीपीरिस्पॉन्स फाइलसारखा वागतो म्हणजे त्याच्यात राइट करता येतं, म्हणून पायथनच्या सीएसव्ही रायटरला थेट रिस्पॉन्सच द्यायचा, मधे फाइल बनवायची गरज नाही. पण शेतकऱ्यांची नावं मराठीत, आणि शेठ ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडणार, तिथं सगळी नावं कचरा दिसतात. कंटेंट-टाइप हेडरमध्ये यूटीएफ-8 लिहून उपयोग नाही कारण फाइल एकदा डिस्कवर उतरली की हेडर मागंच राहतात. त्यामुळं रायटर चालू करायच्या आधी रिस्पॉन्समध्ये बीओएम लिहायचा, ती सुरुवातीची तीन बाइटची खूण, मग एक्सेल गप ओळखतं.

जेसन डेटा पाठवणाऱ्या जेसनरिस्पॉन्सचं वेगळंच. तो मराठी अक्षरांच्या जागी बॅकस्लॅश-यू वाले आकडे पाठवतो. चुकीचं काही नाही, ब्राउझर बरोबर वाचतो, पण तीन बाइटच्या जागी सहा जातात आणि लॉगमध्ये माणसाला काही कळत नाही. जेसन-डम्प्स-पॅराम्समध्ये एन्शुअर-आस्की फॉल्स करून टाका. लिस्ट दिली तर टाइपएरर येतो, तिथं सेफ फॉल्स करावं लागतं. ती काळजी ईएस-5 च्या (जावास्क्रिप्टची आवृत्ती) आधीच्या ब्राउझरांसाठी होती, तेव्हा दुसरी साइट तुमची लिस्ट चोरू शकायची. आता त्याचं एवढं काही नाही.

आणि मोठी फाइल म्हटलं की पोरं लगेच स्ट्रीमिंगएचटीटीपीरिस्पॉन्सकडं (बॉडी तुकड्यातुकड्यानं पाठवणारा रिस्पॉन्स) पळतात. त्याला कंटेंट नसतोच, स्ट्रीमिंग-कंटेंट असतो, त्यामुळं तुमचं एखादं मिडलवेअर रिस्पॉन्स डॉट कंटेंट वाचत असेल तर ॲट्रिब्यूटएरर. कंटेंट-लेंग्थही आपोआप लागत नाही. वर डब्ल्यूएसजीआयवर (सर्व्हर आणि जँगो जोडायची नेहमीची पद्धत) पूर्ण फाइल जाईस्तोवर तो वर्कर, म्हणजे सर्व्हरची ती प्रोसेस, अडकून पडतो, आणि मधेच डेटाबेसची क्वेरी फुटली तर 200 आधीच गेलेला असतो, आता 500 (सर्व्हरची चूक सांगणारा कोड) कुठनं पाठवणार? ग्राहकाला अर्धी फाइल मिळते आणि ती पूर्ण आहे असं वाटू शकतं. गुळाच्या हिशोबाला तरी साधाच रिस्पॉन्स ठेवा, काही हजार ओळी मेमरीत आरामात बसतात.