टोनी होर: कंपनी, विद्यापीठ आणि परत कंपनी

पीएचडी करायची की नोकरी, हा विषय निघाला की बहुतेक जण असंच बोलतात की एकदा इकडे गेलात की तिकडचं संपलं. मला हे अजिबात पटत नाही आणि दरवेळी मी ब्रिटिश कॉम्प्युटर शास्त्रज्ञ टोनी होर यांचं नाव घेते, कारण त्यांना प्रश्न कंपनीत भेटले, उत्तरं शोधायला ते विद्यापीठात गेले आणि त्या उत्तरांचं पुढे काय झालं ते बघायला पुन्हा कंपनीत आले.

होर बहुतेकांना माहीत असतात ते क्विकसॉर्टमुळे, म्हणजे यादी पटकन क्रमाने लावायच्या पद्धतीमुळे. ऑक्सफर्डला शिकले लॅटिन, ग्रीक आणि तत्त्वज्ञान, मग नौदलात रशियन, आणि मॉस्कोत असताना मशीनने भाषांतर करायचं तर टेपवरच्या डिक्शनरीत शोधण्याआधी वाक्यातले शब्द क्रमाने लावून घ्यायला हवेत, त्या विचारातून हा अल्गोरिदम निघाला. 1960 मध्ये ते इलियट ब्रदर्स या ब्रिटिश कॉम्प्युटर कंपनीत लागले आणि तिथे अल्गोल 60 या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) बनवला. माझ्या मते तिथली खरी भारी गोष्ट म्हणजे ओळीने मांडलेल्या जागांच्या यादीचं, म्हणजे अ‍ॅरेचं चेकिंग. अ‍ॅरेत दहाच जागा आहेत आणि प्रोग्रामने अकरावी मागितली तर? प्रोग्राम चालू असताना प्रत्येक वेळी इंडेक्स (मागितलेल्या जागेचा क्रमांक) हद्दीत आहे का हे तपासलं जायचं. याला वेळ जातो, म्हणून पुढे ग्राहकांना विचारलं की हे बंद करायची सोय देऊ का, तर सगळेच्या सगळे नको म्हणाले, कारण ही चूक आपल्याच प्रोग्राममध्ये किती वेळा सापडते हे त्यांना चांगलं माहीत होतं. 1980 चा ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वात मोठा पुरस्कार, घेताना होर यांनी भाषणात हे मुद्दाम सांगितलं. सी या भाषेत असं चेकिंग नाही, आणि त्यातून आलेल्या बफर ओव्हरफ्लोच्या (ठरलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जाण्याच्या) भानगडी आपण अजून निस्तरतोय.

त्याच भाषणात फसलेल्या प्रोजेक्टबद्दलही ते मोकळेपणाने बोलले. कंपनीच्या इलियट 503 या कॉम्प्युटरसाठी मोठं नवं सॉफ्टवेअर करायला घेतलं होतं, तारखा पुढे पुढे जात राहिल्या, आणि शेवटी कंपायलर चालला तेव्हा सेकंदाला 2 अक्षरं, जिथे जुना कंपायलर हजाराच्या आसपास करत होता! मुख्य मेमरी कमी पडून सगळा वेळ तिच्यात आणि मागच्या स्टोअरमध्ये (जोडीच्या जादा मेमरीत) डेटाची ने-आण करण्यात जात होता. 30 माणसांनी वर्षभर राबावं एवढं काम सोडून द्यावं लागलं आणि जबाबदारी होर यांनी स्वतःवर घेतली.

1968 मध्ये ते बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले आणि 1969 मध्ये प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं यावरचा त्यांचा प्रसिद्ध पेपर आला. कल्पना साधी आहे: कोडच्या आधी काय खरं आहे ते लिहायचं, कोडनंतर काय खरं असायला हवं ते लिहायचं आणि मधल्या कोडमुळे ते होतंच हे नियमांनी सिद्ध करायचं. एक्स शून्य किंवा जास्त आहे, त्यात एक मिळवला, तर एक्स एक किंवा जास्त असणार. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोड, आला की खरी कसोटी लागते. त्यांचा अंदाज होता की इंडस्ट्री हे आपण रिटायर होईपर्यंत काही वापरणार नाही, म्हणजेच हा विषय विद्यापीठात करायचा. मला हा हिशोब फार आवडतो, तीस वर्षांचं काम माहीत असून हातात घेतलं. 1977 पासून ऑक्सफर्ड, 1978 मध्ये सीएसपी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामनी एकमेकांना निरोप देत काम कसं करायचं याची मांडणी, आणि गो या भाषेतले चॅनेल (असे निरोप पाठवायची सोय) वापरणारे सगळे त्याच विचारावर कोड लिहितात.

1999 मध्ये रिटायर झाल्यावर ते केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये गेले. तिथल्या कोडमध्ये असर्शन, म्हणजे या जागी अमुक खरं असलंच पाहिजे असं सांगणाऱ्या ओळी, भरपूर होती, पण सिद्धतेसाठी नाही, टेस्टिंगमध्ये बग पकडायला. सिद्धतेशिवाय सॉफ्टवेअर इतकं भरवशाचं झालं कसं हा प्रश्न त्यांनी 1996 मध्येच पेपर लिहून विचारला होता, आणि टेस्टिंगची ताकद आपण कमी लेखली हेही पुढे उघडपणे मान्य केलं. पण त्यांची सिद्धतेची बाजूही वाया गेली नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्याच रिसर्चमधून विंडोजचे ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्राम) न चालवता तपासणारं टूल निघालं आणि ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हातात पोचलं.